सौरऊर्जा वाढली, तरी ऊर्जेमागचा कार्बन वाढलेला दिसतो. फोड कुठे चुकते आहे?

ताळेबंद_22 (प्रश्न)

भारताच्या ऊर्जावापरातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची 2000 ते 2022 ची वाढ काया समीकरणाने फोडतोय: लोकसंख्या × दरडोई जीडीपी × जीडीपीमागे लागणारी ऊर्जा × ऊर्जेमागे निघणारा कार्बन. गोल केलेले आकडे असे आहेत. उत्सर्जन सुमारे 100 वरून 280 कोटी टन, लोकसंख्या 1.34 पट, दरडोई जीडीपी (स्थिर किमतींना) 2.7 पट, एकूण प्राथमिक ऊर्जा (वीज वगैरे बनवण्याआधीच्या मूळ इंधनस्रोतांची) 2.3 पट. शेवटचा घटक +34 कोटी टन येतो. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प इतके उभे राहिले, मग ऊर्जेमागचा कार्बन वाढेल कसा? सूत्र चुकलं की आकडे?

कोळसा_ते_किरण

दोन्ही बरोबर आहेत. आधी गणित तपासू. लॉग-मीन वजन म्हणजे (280 − 100) ÷ ln 2.8, सुमारे 174.8 (ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम). प्रत्येक घटक किती पट झाला त्याचा ln घ्या आणि या वजनाने गुणा. लोकसंख्या +51, दरडोई जीडीपी +174, जीडीपीमागची ऊर्जा −79, ऊर्जेमागचा कार्बन +34. बेरीज 180, बाकी शून्य. बाकी उरत नाही म्हणूनच ही पद्धत वापरायची. साध्या टक्केवारीने केलं की काहीतरी उरतं आणि ते कोणाच्या खाती टाकायचं यावर भांडण होतं.

खरी गोम चुलीत आहे. 2000 मध्ये देशाच्या प्राथमिक ऊर्जेत लाकूडफाटा, गोवऱ्या, काटक्या यांचा वाटा जवळपास एक तृतीयांश होता. आज जैवइंधनाचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास आहे. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) नियमाप्रमाणे या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जा क्षेत्रात शून्य धरतात. जंगल तुटलं असेल तर ते जमीनवापराच्या हिशेबात येतं.

एका सिलिंडरवर हे नीट दिसतं. 14.2 किलो गॅस म्हणजे सुमारे 670 मेगाज्यूल. शेगडीची कार्यक्षमता 60 टक्के धरली तर भांड्यापर्यंत 400 पोचतात. तेवढीच उष्णता 12 टक्क्यांच्या चुलीवर मिळवायला सव्वादोनशे किलो लाकूड, म्हणजे जवळजवळ 3,350 मेगाज्यूल जाळावे लागतात. घरात चूल जाऊन गॅस आला की कागदावर ऊर्जा पाचपट कमी होते आणि शून्याच्या जागी 42 किलो कार्बन डायऑक्साइड चढतो. एकच बदल, पण तुमच्या तिसऱ्या घटकात तो 'कार्यक्षमता सुधारली' म्हणून दिसतो आणि चौथ्यात 'इंधन घाण झालं' म्हणून. यावरून कोणी चुलीची तरफदारी करू नये. तो धूर बाईच्या आणि लेकरांच्या छातीत जातो, आणि तो या चारपैकी एकाही रकान्यात नाही.

उपाय: फोड दोनदा करा, एकदा सगळी ऊर्जा घेऊन आणि एकदा पारंपरिक जैवइंधन वगळून. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापा.

उसाचं_पाचट

वरच्या उत्तरात एक भर. 'जैवइंधन आणि कचरा' हा अख्खा रकाना उडवू नका. त्यात साखर कारखान्यांचा बगॅसही (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) असतो. त्यावर बॉयलर चालून वीज ग्रिडला जाते, महाराष्ट्रात तर पुष्कळ. फक्त घरगुती वापराची ओळ वगळा.

दुसरं, प्राथमिक ऊर्जा एकाच स्रोतातून घ्या. आयईए (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था) सौर आणि पवन विजेचं एक युनिट जसंच्या तसं एक युनिट धरते, अणुऊर्जेला मात्र 33 टक्के कार्यक्षमता धरून तिप्पट करते. काही तक्ते सौर युनिटही औष्णिक केंद्राला जेवढं इंधन लागलं असतं तेवढं फुगवून दाखवतात. 2000 चा आकडा एका तक्त्यातला आणि 2022 चा दुसऱ्यातला घेतला, तर बेरीज जुळेल पण तिसरा-चौथा घटक निरर्थक ठरेल. वर्षही बघा. भारताचे बरेच आकडे एप्रिल-मार्चचे असतात.

बॉयलर_हाउस

उत्सर्जन तयार घेतलंय की कोळशाच्या टनांवरून काढलंय? टनांवरून असेल तर थांबा, इथे सगळ्यात मोठी चूक होते. आयपीसीसीचं ठोक (स्थानिक आकडा नसेल तेव्हा वापरायचं) उष्मांक मूल्य, म्हणजे जाळल्यावर मिळणारी उष्णता, दगडी कोळशाला टनामागे 25.8 गिगाज्यूल आहे. त्याला गिगाज्यूलमागे 94.6 किलोने गुणलं की टनामागे 2.4 टन कार्बन डायऑक्साइड येतो. आपल्या वीजकेंद्रांत जळणारा कोळसा राखेने भरलेला. किलोमागे 4,000 किलोकॅलरीचा कोळसा धरा: टनामागे 16.7 गिगाज्यूल, पण हे ग्रॉस मूल्य, म्हणजे धुरातल्या वाफेत जाणारी उष्णताही धरलेलं. आयपीसीसीचे गुणांक ती उष्णता वगळलेल्या नेट मूल्यावर असतात, म्हणून सुमारे 5 टक्के वजा करून 15.9. गुणाकार 1.5 टन. ठोक मूल्य वापरणारा दीडपटीहून जास्त उत्सर्जन दाखवतो.

ताळा असा करा: हीट रेट (एक युनिट वीज बनवायला लागणारी उष्णता) 2,400 किलोकॅलरी असेल तर युनिटमागे 0.6 किलो कोळसा, म्हणजे सुमारे 0.9 किलो कार्बन डायऑक्साइड. नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राच्या 660 मेगावॉटच्या सुपरक्रिटिकल (जास्त दाब-तापमानावर चालणाऱ्या, कमी कोळसा खाणाऱ्या) संचांत आकडा याहून खाली येईल, जुन्या 210 मेगावॉटच्या संचांत वर जाईल. युनिटमागे 1.4 वगैरे आलं तर उष्मांकात घोळ आहे हे लगेच समजावं.

ताळेबंद_22

उत्सर्जन तयारच घेतलंय. घरगुती ओळ वेगळी मिळेपर्यंत कच्ची फोड केली, 2000 चा तिसरा आणि 2022 चा पाचवा हिस्सा वगळून. उरलेली ऊर्जा 2.75 पट. घटक: +51, +174, −48, +3. म्हणजे चौथा जवळपास सपाट. पण सपाट तरी का? सौर वीज गेली कुठे?

कोळसा_ते_किरण

22 वर्षं एका घासात घेतलीत म्हणून. पहिल्या दीड दशकात ऊर्जेत कोळशाचा वाटा वाढत गेला, सौर जोरात आली ती त्यानंतर. 2000–2010, 2010–2015, 2015–2019, 2019–2022 असे तुकडे करा आणि 2020 ला टोक म्हणून धरू नका. टाळेबंदीचं वर्ष दोन्ही बाजूंचे तुकडे बिघडवतं.

शिवाय मेगावॉट बघू नका, युनिट बघा. सौर प्रकल्प वर्षभरात क्षमतेच्या 20 टक्क्यांच्या आसपास वीज देतो, कोळशाचं केंद्र अलीकडे 70 च्या आसपास. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा ग्रिडचा सरासरी आकडा 2022-23 मध्ये युनिटमागे 0.716 किलो होता, 2023-24 मध्ये 0.727. सौर क्षमता वाढूनही. त्या वर्षी मागणी चढली, जलविद्युत घटली आणि खड्डा कोळशाने भरला. धरणातलं पाणी या समीकरणात कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून शेवटचा तुकडा फोडताना जलविद्युतची युनिटं वेगळ्या ओळीत ठेवा.