मदत हवी आहे: मोबाइल ॲपने मोजून इक्वलायझर लावला, पण भाषण अधिकच अस्पष्ट झाले

एका मध्यम आकाराच्या सभागृहातील ध्वनिव्यवस्था मी सांभाळतो. मिक्सरच्या मुख्य आउटपुटवर 31 पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर (आवाजातील खालच्या ते वरच्या स्वरांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारे साधन) आहे आणि आजवर तो मी केवळ कानाच्या भरवशावर लावत आलो. या वेळी मोबाइलवरील स्पेक्ट्रम (कोणत्या कंप्रतेला आवाज किती आहे याचा आलेख) दाखवणाऱ्या ॲपची मदत घेतली. परिणाम उलटा झाल्यामुळे जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

रिकाम्या सभागृहात फक्त डावा लाउडस्पीकर चालू ठेवून पिंक नॉइज (प्रत्येक पट्ट्यात सारखी ऊर्जा असलेला चाचणीचा खरखराट) वाजवला. लाउडस्पीकरचा मध्य जमिनीपासून 2 मीटरवर आहे. त्याच्या समोर 6 मीटर अंतरावर, जमिनीपासून 1.2 मीटर उंचीवर फोन स्टँडला लावला. आलेखात 1000 हर्ट्झच्या मानाने 100 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल आणि 63 हर्ट्झला सुमारे 26 डेसिबल कमी दिसले, शिवाय 250 च्या पट्ट्यात एक खोल खड्डा होता. म्हणून खालचे पट्टे 8 ते 10 डेसिबलने आणि 250 चा पट्टा 6 डेसिबलने वर केला. तो खड्डा तरीही भरला नाही, आणि फोन 10 मीटरवर नेला तेव्हा तो 250 वरून नाहीसा होऊन 400 वर दिसू लागला.

कार्यक्रम सुरू होताच वक्त्याचा आवाज घुमू लागला आणि ॲम्प्लिफायरचा लिमिटचा (क्षमतेची मर्यादा गाठल्याचा) दिवा सतत पेटू लागला. मध्यंतरात एक वयस्क श्रोत्या जवळ येऊन म्हणाल्या, "आवाज मोठा आहे हो, पण शब्द एकही कळत नाही." ते मनाला फार लागले. इक्वलायझर पुन्हा शून्यावर आणला तेव्हा कुठे भाषण ऐकण्याजोगे झाले. फोनच्या मायक्रोफोनवर कितपत विसंबावे, खड्डा का भरला नाही, आणि ॲप 92 डेसिबल दाखवत होते तो आकडा खरा मानावा का, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण उंची, अंतर आणि आकडे नेमके दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. 100 हर्ट्झला 19 आणि 63 हर्ट्झला 26 डेसिबलची घट पाहताच मला ए-वेटिंगचा (कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात हे धरून मोजमापात केलेल्या वजावटीचा) वक्र आठवला, कारण त्यात याच कंप्रतांना अगदी एवढीच वजावट केलेली असते. हा वक्र आवाजाची एकूण पातळी सांगण्यासाठी वापरतात. लाउडस्पीकरचा प्रतिसाद पाहताना झेड किंवा फ्लॅट (कोणतीही वजावट नसलेला) हा पर्याय निवडावा लागतो. ॲपच्या सेटिंग्ज एकदा तपासा. माझा अंदाज बरोबर असेल, तर खालचे स्वर मुळात कमी नव्हतेच आणि आपण चांगल्या आवाजावर 10 डेसिबलचा भार चढवलात.

खड्ड्याचे कारण जमीन आहे. आपल्या मापांनुसार थेट येणारा ध्वनी सुमारे 6.05 मीटर प्रवास करतो आणि जमिनीवरून परावर्तित होणारा 6.80 मीटर. हा 75 सेंटिमीटरचा फरक ज्या कंप्रतेच्या अर्ध्या तरंगलांबीएवढा असतो, तिथे दोन्ही लहरी एकमेकींना खोडून काढतात. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला तर ती कंप्रता सुमारे 230 हर्ट्झ येते आणि ती 250 च्या पट्ट्यातच मोडते. 10 मीटरवर हाच हिशोब 367 हर्ट्झ देतो, म्हणून खड्डा 400 च्या पट्ट्यात गेला. इक्वलायझरने तो पट्टा वाढवला की थेट लहर आणि परावर्तित लहर दोन्ही सारख्याच वाढतात, त्यामुळे खोडणे तसेच राहते. फोन जमिनीवर सपाट ठेवून, मायक्रोफोनचे छिद्र लाउडस्पीकरकडे करून मोजा. पातळी थोडी जास्त दिसेल, पण खड्डा जाईल. पाच-सहा जागी असे मोजून सरासरी घ्या.

आणखी एक चाचणी आवर्जून करा. मिक्सरवर पातळी बरोबर 10 डेसिबलने वाढवा. ॲपमध्येही 10 चीच वाढ दिसली पाहिजे. कमी दिसली, तर एकतर फोनचे आपोआप आवाज सावरणारे तंत्र चालू आहे किंवा मायक्रोफोन क्षमतेबाहेर गेला आहे. अँड्रॉइड 7.0 पासून ॲपला प्रक्रिया न केलेला ध्वनी मागण्याची सोय आहे, पण प्रत्येक फोन ती पुरवतोच असे नाही.

प्रतिसाद २

92 च्या आकड्याबद्दल. ध्वनिमापक जुळवण्यासाठी 1000 हर्ट्झला 94 डेसिबल देणारे कॅलिब्रेटर वापरतात, पण ते ठरावीक व्यासाच्या मायक्रोफोनवरच बसते, फोनवर नाही. त्याऐवजी वर्ग 2 चा (सर्वसाधारण अचूकतेचा) ध्वनिमापक कुणाकडून तासाभरासाठी मागून आणा, फोनशेजारी धरून त्याच पिंक नॉइजची पातळी पाहा आणि दोन्हींतील फरक ॲपमध्ये भरा. तोवर तो आकडा कुणाच्या तक्रारीला उत्तर म्हणून दाखवू नका.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. ॲपमध्ये ए-वेटिंगच चालू होते. ते बंद करून फोन जमिनीवर ठेवला आणि खालची सगळी तूट तसेच 250 चा खड्डा, दोन्ही गेले. 10 डेसिबलची चाचणी मंद आवाजात बरोबर आली, पण मोठ्या आवाजात वाढ फक्त 6 दिसली, म्हणून पुढची सर्व मोजणी मंद पातळीवर केली. सहा जागांच्या सरासरीत 160 आणि 2500 या पट्ट्यांत खरा उंचवटा दिसला. तेवढेच 3 ते 4 डेसिबलने खाली आणले आणि बाकीचे पट्टे शून्यावर ठेवले. कालच्या भाषणात शेवटच्या रांगेतही शब्द स्पष्ट ऐकू आले.

आता एकच अडचण उरली आहे. सभागृह भरले की वरचे स्वर श्रोत्यांत शोषले जातात आणि त्या वेळी पिंक नॉइज वाजवता येत नाही. चालू कार्यक्रमाचाच आवाज संदर्भ म्हणून घेऊन मिक्सरचे आउटपुट आणि मायक्रोफोन यांची तुलना करणारी दुहेरी मोजणी अशा वेळी करतात, असे वाचले. त्यासाठी दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (बाहेरचे ध्वनिसंकेत फोन किंवा संगणकात घेणारे उपकरण) फोनला जोडून काम भागेल, की लॅपटॉपच लागेल? कुणी प्रत्यक्ष केले असल्यास अनुभव अवश्य लिहावा.