पिस्तुलाला बॅटरीची रेल बसवायचीय, कोणी केलंय का?

काजूवाला_कणकवली
मंडळी नमस्कार. माझ्याकडे .32 बोअरचं पिस्तूल आहे, लायसनवालं, वडिलांच्या मागे माझ्या नावावर झालं. जुनं मॉडेल, लोहचुंबक लावला तर चिकटतो म्हणजे फ्रेम लोखंडीच असणार, आणि पुढचा भाग एकदम गुळगुळीत, लाईट अडकवायची खाच वगैरे काहीच नाही. आमचं घर बागेत, वाडीपासून चांगलंच लांब, पावसात लाईट गेली की दोन-दोन दिवस पत्ता नसतो. गेल्या वर्षी पंपाची केबल कापून नेली. रात्री कुत्रे भुंकायला लागले की एका हातात बॅटरी, एका हातात छत्री, मग पिस्तूल काय दातात धरू? ऑनलाइन अॅल्युमिनियमची रेल मिळते, छोटी पट्टी असते, स्क्रूवर बसते. आमच्याकडे एक लेथवाला आहे, बोटींचे शाफ्ट करतो, हात एकदम साफ. तो म्हणतो पुढच्या भागाला दोन भोकं पाडून टॅप मारून, म्हणजे आत स्क्रूचे आटे पाडून, अर्ध्या तासात देतो. देऊ का?

जुना_आर्मरर
थांबा जरा. फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यातच माझी नोकरी गेली म्हणून लिहितोय. ज्याला तुम्ही पुढचा भाग म्हणताय, ट्रिगर गार्डच्या पुढे, त्याला डस्ट कव्हर म्हणतात, आणि तो बाहेरून भरीव दिसला तरी आतून पन्हळ असते. पहिलं हे बघा की तुमच्या पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे गेलेला वरचा भाग परत पुढे आणणारी स्प्रिंग, कुठे आहे. .32 मध्ये बऱ्याच जुन्या मॉडेलना ती बॅरलभोवती गुंडाळलेली असते, काहींना बॅरलच्या खाली, म्हणजे त्याच पन्हळीत. खाली असेल आणि स्क्रूचं टोक अर्धा मिलीमीटर जरी आत आलं तरी स्प्रिंग घासणार नाहीतर अडकणार, स्लाइड, म्हणजे तो मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, मधेच थांबली की मग त्या पिस्तुलाचा उपयोग काय, हातोडी म्हणून.
दुसरं आट्यांचं. समजा तिथली जाडी दोन मिलीमीटर आहे. एम-3 च्या, म्हणजे तीन मिलीमीटर जाड स्क्रूला अर्ध्या मिलीमीटरला एक आटा, म्हणजे चार आटे. चार आट्यांवर लाईट लटकवायची आणि प्रत्येक गोळीला त्याला झटका द्यायचा. अमेरिकेत 1911 नावाच्या पिस्तुलाला अशी रेल बसवून देणारे गनस्मिथ, म्हणजे हत्यारांचे कारागीर, आहेत, पण ते भोक आरपार पाडून स्क्रू आतून घालतात, डोकं पन्हळीत बुडवून बसवतात, आटे रेलमध्ये असतात, फ्रेममध्ये नाही. वर आट्यांना लॉकचं केमिकल, आणि शेवटी फ्रेमवर परत ब्लूइंग, म्हणजे गंज धरू नये म्हणून देतात तो काळा-निळा थर. हे अर्ध्या तासाचं काम नाही.
आणि ऑनलाइनची ती पट्टी मिळालीच तर व्हर्नियर लावून मोजा. पिकाटिनी म्हणजे अशा रेलचं 1995 चं अमेरिकन लष्करी स्टँडर्ड, खाच 5.23 मिलीमीटर रुंद आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत 10.01. वीव्हर नावाची जुन्या पद्धतीची पट्टी असते, तिची खाच साडेचारच्या आसपास. वीव्हरवर बसणारी वस्तू पिकाटिनीवर बसते, उलटं बसेलच असं नाही. ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांची खाच तर त्यांची स्वतःचीच वेगळी. नुसतं रेल लिहिलंय म्हणून घेऊ नका.

खाडीपलीकडे
आर्मररकाकांनी मशीनचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो, पाच वर्षांपूर्वी आमचं रिन्युअल करताना सगळं पाठ झालंय. लेथवाल्याच्या हातात पिस्तूल दिलंत की दोघंही अडकलात. 1959 च्या आर्म्स अॅक्टच्या कलम 5 मध्ये हत्यार बनवणं, विकणं तर आहेच, पण दुरुस्ती आणि बदल करणं पण आहे, ते काम त्याचंच लायसन असलेल्या माणसानं करायचं. शाफ्ट कितीही साफ करू दे. तुमचं लायसन हे पिस्तूल जवळ ठेवायचं आहे, ते दुसऱ्याला कापायला द्यायचं नाही. शिवाय नंबर कुठे कोरलाय ते बघा, काही पिस्तुलांना फ्रेमवरच असतो, ड्रिल घसरून त्याच्यावर ओरखडा गेला तर इलेक्शनच्या वेळी हत्यार ठाण्यात जमा करायला जाल तेव्हा नंबर जुळवताना काय सांगणार? लायसनवाल्या गनस्मिथकडे जा, आधी विचारा, आणि तो हो म्हणाला तर काय केलं त्याची पावती घ्या.

देवगडचो_झील
कित्याक रे बाबा वडलांच्या वस्तूक भोकां पाडतस? बॅटरी हातात धर आणि छत्री ठेव घराकडे. भिजलस तर भिजलस.

ट्रॉलरवाला
हसू नका, भिजण्याचाच मुद्दा आहे 😄 लोखंडावर अॅल्युमिनियम आणि मधे खारी हवा, हे आम्ही बोटीवर रोज बघतो. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्टीलचा बोल्ट मारला की एका पावसाळ्यात बोल्टच्या भोवती पांढरी पूड जमते आणि बोल्ट सैल. तुमच्या पट्टीवर कंपनीचं अॅनोडायझिंग, म्हणजे गंजरोधक थर, असेल पण स्क्रू घट्ट करताना तेच खरवडतं. आणि भोकाच्या आत ब्लूइंग नसतंच, तिथे पहिला गंज धरणार, बाहेरून दिसणार पण नाही. तुम्ही किनाऱ्यापासून आत आहात पण सावंतवाडीपासून पेणपर्यंत पावसात कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते तिथे पिस्तूल काय सुटतंय. बाय द वे चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवत असाल तर आजच बाहेर काढा, चामडं ओल धरून बसतं. तेलाचा हात मारायचा, सुक्या फडक्यात गुंडाळायचं आणि बाजूला सिलिका जेल.

जुना_आर्मरर
होल्स्टरचं बरं काढलंत, लाईट लावली की जुन्या होल्स्टरमध्ये पिस्तूल जाणार नाही, ते पण नवीन आलं. पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. पिस्तुलावरची लाईट म्हणजे जिकडे उजेड तिकडे नळी. कुत्रे भुंकले, तुम्ही बघायला गेलात कोण आहे, आणि ते बघण्यासाठीच पिस्तूल रोखलंत. आंब्याच्या सीझनला बागांमध्ये नेपाळी राखणदार असतात, शेजारच्या बागेतला तुमच्या विहिरीवर पाणी न्यायला आला असेल. उजेड टाकला, चेहरा दिसला, तोपर्यंत नळी त्याच्या छातीवर. बोट कुठे होतं ते सांगा.
शोधायची बॅटरी वेगळीच पाहिजे, डाव्या हातात, शेपटीला बटण असलेली. नेम धरायची वेळ आलीच तर डावं मनगट उजव्याच्या खालून नेऊन दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या, त्याला हॅरिस पद्धत म्हणतात. घरात, पिस्तूल रिकामं करून, दोनदा तपासून, मग सराव करा. आणि मुसळधार पावसात खूप जोरदार लाईट घेऊ नका, थेंबांवरून उजेड परत तुमच्याच डोळ्यांत येतो, गाडीच्या अप्परसारखा.

काजूवाला_कणकवली
सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री खोलून बघितलं, स्प्रिंग बॅरलच्या खालीच आहे, म्हणजे लेथवाल्यानं वाट लावली असती. राखणदाराचं वाचून जरा गप्पच झालो, कारण आमच्या इथे खरंच एक म्हातारा बहादूर आहे, रात्री अपरात्री विडी ओढत फिरतो, त्याला काळोखात मी दोनदा ओरडलोय. रेल कॅन्सल. शेपटीला बटणवाली बॅटरी मागवली. लेथवाल्याकडून पंपघराला लोखंडी दार करून घेतो, तो पण खूश.
होल्स्टर काढलं तर आतून हिरवं झालेलं, ट्रॉलरवाले दादा, तुमचं नाव घेतलं.
आता मला सांगा विहिरीपाशी लावायला माणूस आला की पेटणारा सोलर लाईट कोणी लावलाय का, जो जुलैमध्ये पण चालतो? आणि वांदरांनी पेटत नाही असा.