खासदाराला पत्र लिहिणारा मराठवाडा: वट होती की नुसती अर्जदारी?

गोदाकाठ

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे ठोकणाऱ्यांना सोपं जाईल. पहिल्या लोकसभेपासून साधारण नव्वद सालापर्यंत आपल्याकडचा माणूस खासदाराला पत्र लिहायचा आणि त्या पत्राला वजन होतं. आज त्याच खासदाराच्या फेसबुक पानाखाली आपण शेकड्यांनी लिहितो आणि कुणी ढुंकून बघत नाही. दोष मोबाईलचा नाही. आपण आपलं नाव-गाव घालून बोलणं सोडलं, हे त्याचं कारण.

पोस्टकार्डाखाली सही असायची. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असायचा, १९७२ नंतर पिनकोडसुद्धा. लिहिणारा त्यातून सांगत होता की मी इथे राहतो, मला शोधता येईल, आणि पुढच्या निवडणुकीला तुम्हाला याच गावात यायचंय. आज "जय महाराष्ट्र ९६" नावाच्या खात्याला कुणी कशाला उत्तर द्यावं?

शिवाय लिहिणाऱ्याला समोरचा माणूस ठाऊक होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९५२ ला गुलबर्ग्यातून आणि १९५७ ला औरंगाबादेतून लोकसभेवर गेले. निजामाच्या तुरुंगात बसून आलेली माणसं इथे गावोगाव होती. आपल्याच चळवळीच्या नेत्याला लिहायला त्यांना मध्यस्थ कशाला लागेल? १९६७ ला बीडने क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिलं. माणूस साताऱ्याकडचा, पण एकेकाळी तलाठ्याची नोकरी केलेला. सातबाऱ्यावरचं गाऱ्हाणं त्यांना समजावून सांगावं लागलं नसणार.

बोला आता.

सडेतोड_परभणी

बोलतो. "आपल्याकडचा माणूस" म्हणजे नेमका कोण?

१९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्के, बायकांची ९ च्या आसपास. आपला भाग निजामाखाली, सरकारी कारभार उर्दूत, त्यामुळे इथे प्रमाण आणखी खाली. गावातल्या बहुतेकांना पत्र लिहिताच येत नव्हतं. मग लिहायचं कुणी? मास्तरांनी, कुलकर्ण्यांनी, पाटलाच्या शिकलेल्या पोरानं, नाहीतर तहसील कचेरीबाहेर बसलेल्या अर्जनवीसानं. अर्जनवीस पैसे घेऊन लिहायचा आणि मास्तर माणूस बघून.

हैदराबाद संस्थानात कुळकायदा १९५० चा. कायदा आला म्हणून कितीतरी जमीनमालकांनी कुळांना आधीच जमिनीवरून उठवलं. अशा कुळाला दिल्लीला गाऱ्हाणं कळवायचं तर कागद लिहून घ्यायला त्याच मालकाच्या वाड्यावर जायचं का? तुम्ही ज्याला वट म्हणता ती सातवी पास लोकांची आपसातली वट होती. आज ऊसतोडीला गेलेली बाई फडातून मोबाईलवर बोलून आपलं म्हणणं पाठवते. खासदार ऐकत नाही हा निराळा मुद्दा. तिला मधे कुणाचे पाय धरावे लागत नाहीत.

दप्तरदार

मी एका खासदारांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात डाक बघायचो, सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून पुढे बरीच वर्षं. नाव सांगणार नाही, पक्षही नाही. सांगितलं की इथे वेगळीच कुस्ती लागेल.

तुम्ही दोघं "पत्र" म्हणताय, पण पत्रं एका जातीची नव्हती. सकाळची डाक फोडली की तीन गठ्ठे पडायचे. सगळ्यात जाड गठ्ठा शिफारशींचा. पोराला नोकरी, मास्तरणीची बदली, केंद्रीय विद्यालयात प्रवेश, गॅस, टेलिफोन. गॅस आणि फोनसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं आणि खासदाराच्या हातात कोटा असायचा. केंद्रीय विद्यालयाचा कोटा तर अगदी २०२२ ला बंद झाला. तेव्हा एका खासदाराला दहा प्रवेश मिळत.

दुसरा गठ्ठा तलाठी, तहसील, रेशन, रोजगार हमीची थकलेली मजुरी यांचा. हे सगळं राज्याचं काम. खासदाराचा त्यात काडीचा संबंध नाही, पण लोकांना कुठे माहीत? आणि ज्यांना माहीत होतं तेही लिहायचेच. आम्ही "योग्य कार्यवाहीसाठी" असा शेरा मारून कलेक्टर कचेरीत पाठवायचो.

तिसरा गठ्ठा सगळ्यात पातळ, खरा दिल्लीचा. रेल्वे, डाकघर, स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन. केंद्राची पेन्शन योजना १९७२ ची, आणि आपल्याकडे हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेली माणसं भरपूर. काहींकडे तुरुंगाचा कागद होता, काहींकडे नव्हता, मग सहबंदीचा, म्हणजे सोबत तुरुंगात असलेल्याचा, दाखला शोधत फिरायचं.

या तिसऱ्या गठ्ठ्यातल्या पत्राचा प्रवास मात्र बघण्यासारखा होता. मराठी पोस्टकार्डाचा मजकूर इंग्रजीत टाईप व्हायचा. साहेब लेटरहेडवर मंत्र्यांना लिहायचे, पोस्टकार्डाची प्रत जोडून. थोड्या दिवसांनी मंत्र्यांची दोन ओळींची पोच. मग ते पत्र मंत्रालयातून खाली खाली जायचं, रेल्वेचं असेल तर झोनकडे, पेन्शनचं असेल तर राज्याकडे पडताळणीला. तिथला अहवाल त्याच पायऱ्या चढून वर. शेवटी मंत्र्यांच्या सहीचं अर्धशासकीय पत्र यायचं, ज्याला सगळे डीओ म्हणायचे. त्याची प्रत आम्ही अर्जदाराला "माहितीस्तव" धाडायचो. एवढ्यात एखादं अधिवेशन येऊन गेलेलं असायचं. उत्तर बहुतेक वेळा नकारच. "सद्यःस्थितीत शक्य नाही", "निधीच्या उपलब्धतेनुसार". तरी मंत्र्यांच्या पत्राची प्रत खेड्यातल्या माणसाच्या हातात पडायची. तो ती घेऊन कचेरीत गेला की बाबू निदान बसायला खुर्ची द्यायचा. पत्राचा हमखास फायदा म्हणाल तर एवढाच.

सडेतोड, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अख्ख्या गावाचे अर्जही यायचे. अक्षर मास्तरांचं, खाली निळ्या शाईचे अंगठे, प्रत्येक अंगठ्यापुढे नाव. एकट्या बाईच्या नावाचं पत्र मात्र विरळा.

लिंबाच्या_सावलीत

काय बोलायलात राव! खुर्ची भेटली म्हणून खूश व्हायचं का?

पत्रांनी काय झालं ते सांगा की. मनमाडला उतरायचं, मोठ्या गाडीतलं बोचकं उचलून मीटरगेजच्या डब्यात टाकायचं, हे आमच्या बापानं केलं आन् आम्हीबी केलं. मनमाड ते औरंगाबाद ब्रॉडगेज व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. नगर-बीड-परळी मार्ग २६१ किलोमीटरचा. १९९५ ला मंजूर झाला आन् बीडला गाडी कवा आली? १७ सप्टेंबर २०२५ ला. आपली रेल्वे आजबी सिकंदराबादच्या झोनला जोडलेली. २००३ ला नांदेडला डिव्हिजन दिलं, झोन तिकडंच. जबलपूरला वेगळा झोन होतो, हुबळीला होतो, आमचा अर्ज मात्र तेलंगणात जाऊन बसतो. पत्रं लिहिणाऱ्या दोन पिढ्या खपल्या की हो यात.

१९७४ ला मराठवाडा विकास आंदोलनात पोरं रस्त्यावर उतरली, वसमतला गोळीबार झाला, तवा कुठं मुंबईला जाग आली. पोस्टकार्डाला कोन भीतंय?

गोदाकाठ

@लिंबाच्या_सावलीत, आंदोलन आणि पत्र यांची जुंपून देऊ नका. रस्त्यावर येण्याआधी मागणी काय आहे हे कुणीतरी कागदावर नीट मांडावं लागतं. गोविंदभाई श्रॉफांनी आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं वर्षानुवर्षं काय केलं? रेल्वे, सिंचन, अनुशेष, सगळ्याची निवेदनं आकड्यांसकट तयार केली. खासदाराला पत्र आणि एक प्रत वर्तमानपत्राला, ही तेव्हाची रीतच होती. अनंत भालेराव संपादक असताना "मराठवाडा" दैनिकात नाव छापून आलं की खासदाराला ते नजरेआड करता येत नव्हतं.

@दप्तरदार, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. नकार आला तरी मंत्र्यांच्या सहीनं आला. आज नकारसुद्धा येत नाही.

आकडेमोड

भावनेचा भाग बाजूला ठेवून थोडं गणित करू.

१९५१-५२ ला मतदार १७ कोटी ३२ लाख, लोकसभेच्या जागा ४८९. म्हणजे एका खासदारामागे सरासरी साडेतीन लाख मतदार. २०२४ ला मतदार ९७ कोटींच्या घरात, जागा ५४३. म्हणजे सरासरी १८ लाखांच्या आसपास, पाचपट. राज्याराज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या आहेत, त्या अजून तशाच. तेव्हाचा खासदार डाक स्वतः वाचू शकत होता, कारण ती वाचून होण्याइतकी होती. १९५४ च्या कायद्यानं त्याला पगार महिना ४०० रुपये. कार्यालय, स्वीय सहायक वगैरे लवाजमा नंतरचा.

दुसरी गोष्ट १९८५ ची. पक्षांतरबंदी आल्यावर खासदार पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडून मत देऊ शकत नाही, दिलं तर खासदारकी जाते. त्याआधी "अमुक विधेयकाला विरोध करा" असं मतदारानं लिहिण्यात निदान काही अर्थ होता. आता ते पत्र कुणाला लिहायचं? खासदाराला की पक्षाच्या अध्यक्षाला?

तिसरी, १९९३ चा खासदार निधी. सुरुवात पाच लाखांनी, आता वर्षाला पाच कोटी. तेव्हापासून पत्राचा विषयच बदलला. सभामंडप, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीचं शेड. खासदार हा मोठा सरपंच झाला आणि आपणच त्याला तसं केलं. गोदाकाठ म्हणतात तसं सही करणं सोडल्यानं काही बिघडलेलं नाही. निधीसाठी लिहिणारे आजही सही-शिक्क्यासकट लिहितात, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर.

सडेतोड_परभणी

@आकडेमोड, सभामंडपाची थट्टा करू नका. वस्तीवर समाजमंदिर मागणाऱ्याला पन्नास सालात कुणी अर्जसुद्धा लिहून दिला नसता. निधी आला म्हणून तो मागता तरी झाला. दिल्लीचे विषय लिहिणारे ते शहाणे आणि नळ मागणारे ते याचक, ही वाटणी मला मान्य नाही.

आणि @दप्तरदार, सहबंदीच्या दाखल्याचं पुढे काय झालं तेही सांगा की. बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. ओळखीच्या माणसाच्या कागदावर हक्क ठरवला की असंच होणार.

दप्तरदार

ते दाखले आणि नागरिकांची पत्रं यांची गल्लत नको. दाखला देणारे वेगळे होते आणि त्याची पडताळणी करायचं काम सरकारचं होतं. पण तुमचा रोख समजला. शिफारशीच्या गठ्ठ्याबद्दल मलाही काही अभिमान नाही. ज्याला गॅस मिळाला तो दुवा द्यायचा, पण त्याच्यामुळे यादीत मागे पडलेला आम्हाला कधी दिसलाच नाही.

उदगीरची_लेक

इतक्या वेळात एका गोष्टीचं कुणी नावच काढलं नाही म्हणून लिहिते. तुम्ही ज्याला पत्र म्हणताय ते सगळं खासगी आहे. खासदारानं ते खिशात घातलं, फाडलं, मंत्र्याला दिलं, सगळी त्याची मर्जी. सभागृहाच्या कागदपत्रांत त्याची नोंद कुठेच नाही. नोंद व्हायची तर खासदारानं त्यावर प्रश्न विचारायला हवा, किंवा नियम ३७७ खाली विषय मांडायला हवा. तिथेही बोलणारा तोच.

नागरिकाला स्वतःच्या नावानं सभागृहापुढे जायचा एक रस्ता आहे, याचिका. त्यासाठीची समिती १९२४ पासून आहे, म्हणजे लोकसभेच्याही आधीपासून. मागणी सभ्य भाषेत लिहायची, एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी घ्यायची आणि ती सभागृहात सादर व्हायची. मग समिती ती तपासते, मंत्रालयाकडून खुलासा मागवते. खुर्ची देणाऱ्या बाबूपेक्षा हे बरंच मोठं आहे. मराठवाड्यानं पोस्टकार्डावर जेवढी शाई घालवली त्यातली थोडी जरी याचिकेवर घालवली असती तर निदान दप्तरी नोंद राहिली असती. म्हणून गोदाकाठांचा हळवेपणा मला पटत नाही. विनवणी करण्यात आपण पटाईत होतो, मागणी दप्तरी लावण्यात कच्चे. आणि बाई त्या विनवणीतही विरळाच, हे दप्तरदारांनीच सांगितलं.

सडेतोड_परभणी

याचिकेची भाषा कोणती असते ताई?

उदगीरची_लेक

हिंदी किंवा इंग्रजी. मराठीत लिहिली तर सोबत त्यातल्या एका भाषेत भाषांतर जोडून त्यावरही सही करायची.

सडेतोड_परभणी

म्हणजे पुन्हा मास्तर आलेच.

उदगीरची_लेक

आले. पण अंगठा चालतो, हे नियमातच लिहिलंय. सही करणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा, निरक्षर असेल तर अंगठा.

गोदाकाठ

पूर्ण नाव आणि पत्ता! मी सुरुवातीपासून दुसरं काय म्हणतोय?

आकडेमोड

तुम्ही म्हणताय की नाव-पत्ता लिहिला की वजन येतं. वजन येतंय ते समितीला खुलासा मागवायचा अधिकार आहे म्हणून. पत्ता तर पोस्टकार्डावरही होता.

दप्तरदार

माझ्या काळात याचिकेचा मसुदा घेऊन आमच्याकडे कुणी आल्याचं आठवत नाही. आला असता तरी साहेबांनी पेन उचलायला वेळ घेतला असता. प्रतिस्वाक्षरी केली म्हणजे मागणीला पाठिंबा दिला असं होत नाही, पण हे गावात कुणाला समजावणार? "विरोधी गटाच्या कागदावर सही केली" एवढंच बाजारात पसरलं असतं. साधं पत्र सगळ्यांच्या सोयीचं होतं. लिहिणाऱ्याला लिहिल्याचं समाधान आणि खासदाराला पुढे धाडल्याचं.

लिंबाच्या_सावलीत

मंग भांडायलात कशाला? बीड ते परळीचं राहिलेलं काम आन् झोनचा विषय, दोन्ही दिल्लीचेच हायेत. मराठीत म्या लिहितो, हिंदी उदगीरच्या ताईंनी करावं, आकडे आकडेमोड भाऊंनी तपासावेत. फकस्त सही कोन देतंय ते आधी ठरवा. बीडकडं जायचं का परभणीकडं? का जालन्यापासून सुरू करायचं?