नवजात अतिदक्षतेची फेलोशिप: मोठं युनिट घ्यावं की छोटं?

प्रश्न: नवी_बालरोगतज्ज्ञ

नमस्कार. बालरोगाचं पदव्युत्तर शिक्षण दोन महिन्यांत संपतंय. पुढे निओनेटॉलॉजीच (नवजात बाळांच्या उपचारांची शाखा) करायची, हे पक्कं आहे. दोन ठिकाणी निवड झालीय. एक युनिट ६० खाटांचं, दुसरं २४ खाटांचं. छोट्या ठिकाणी मुलाखतीत मी विचारलं, इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) किती होतात? उत्तर आलं, "दरवर्षी कमीच होतायत." नेमकी तिथेच मी अडलेय. गेल्या महिन्यात २७ आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाला दोन प्रयत्नांत माझ्याकडून नळी गेली नाही, शेवटी सरांनी घातली. तेव्हापासून लॅरिंगोस्कोप (नळी घालताना घशात बघायचं उपकरण) हातात घेतला की छाती धडधडते. हात बसायला मोठं युनिटच हवं ना?

उत्तर: रात्रपाळीचा_कन्सल्टंट

दोन प्रयत्नांनंतर तू बाजूला झालीस, हे अगदी योग्य केलंस. अडून बसली असतीस तर बाळाने किंमत मोजली असती. मधल्या वेळात मास्कने श्वास कोण देत होतं आणि छाती नीट वर येत होती का, ते आठवून बघ. बाळ जगतं ते त्या मास्कवर. ते कौशल्य आधी पक्कं कर.

इंट्युबेशन कमी होणं ही चांगली खूण आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसात सरफॅक्टंट (हवेच्या पिशव्या मिटू न देणारा पदार्थ) कमी असतं, हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. सीपॅप, म्हणजे स्वतः श्वास घेणाऱ्या बाळाला सतत दाबाने हवा देणं, १९७१ मध्ये आलं, आणि १९८० मध्ये जपानी डॉक्टर फुजिवारांनी बाळांना बाहेरून सरफॅक्टंट दिलं. मी शिकत होतो तेव्हा किलोच्या आतलं बाळ आलं की नळी ठरलेलीच. आता बरीच बाळं जन्मल्यापासून सीपॅपवर राहतात, आणि स्वतः श्वास घेत असतानाच बारीक कॅथेटरमधून त्यांना सरफॅक्टंट देता येतं. म्हणून एकूण आकडा विचारू नकोस. पहिल्या वर्षाच्या फेलोच्या हाती त्यातली किती येतात? व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आहे का? रात्री तीनला शेजारी कोण उभं असतं? ६० खाटांच्या युनिटमध्ये चार फेलो असले तर तुझ्या वाट्याला काय येणार?

आणि फॉलोअप ओपीडी. माझ्या मते निवड इथेच ठरावी. दुसऱ्या वर्षाला असताना २५ आठवड्यांची, ७०० ग्रॅमची एक मुलगी माझ्याकडे होती. आठ आठवडे तिच्या तोंडात कुठली ना कुठली नळी होती. ती घरी गेली तेव्हा मी समाधानी होतो. दोन वर्षांची झाल्यावर ओपीडीत आली. चालत होती, हसत होती, पण आईने चमचा तोंडाजवळ नेला की मान फिरवायची. आई म्हणाली, "प्रत्येक जेवण दीड तास चालतं, डॉक्टर." एनआयसीयूच्या (नवजात अतिदक्षता विभागाच्या) कुठल्याच चार्टवर मला हे दिसलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक राउंडला मी विचारतो, ही नळी आज कशासाठी आहे? जिथे फेलोला आपलीच बाळं दोन वर्षांनी भेटतात, तिथे जा. मग खाटा २४ असल्या तरी चालतील.

उत्तर: एनआयसीयू_सिस्टर

डॉक्टर, एक सांगते. रात्री दोनला तपासणी, साडेतीनला रक्त, चारला एक्स-रे, मग बाळ झोपणार कधी? आम्ही ही कामं एकत्र करायला सांगतो, ते ऐकणारे फेलो लवकर तयार होतात. युनिट बघायला जाल तेव्हा एका सिस्टरकडे किती बाळं आहेत ते मोजा. व्हेंटिलेटरवरचं बाळ आईच्या छातीवर देतात का, तेही बघा. त्याला दोघी-तिघी लागतात, नळी सांभाळावी लागते. तेवढी माणसं आणि तेवढी इच्छा जिथे आहे तिथे बाकीचंही बरं असतं.

उत्तर: दुसऱ्या_वर्षाची_फेलो

मला नळीपेक्षा बोलणं जड गेलं. २३ आठवड्यांना कळा सुरू झालेल्या एका जोडप्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा मी जगण्याची टक्केवारीच सांगत बसले. बाबांनी विचारलं, "तिला हात लावता येईल का आम्हाला?" माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. मॅडम शेजारी होत्या म्हणून निभावलं. अशा वेळी सुरुवातीचे महिने कुणी सोबत बसतं का, हेही विचारून घे.

नवी_बालरोगतज्ज्ञ

मास्क मीच धरला होता, सर. छाती वर येत होती. फॉलोअप ओपीडीत फेलो बसतात का, हे दोन्हीकडे विचारायचं सुचलंच नव्हतं. उद्या सकाळी दोन्हीकडे फोन करते. सिस्टर, छोट्या युनिटमध्ये एक दिवस उभं राहून बघायची परवानगीही मागते.