१८८१च्या जनगणनेत पणजोबांचं नाव सापडेल का?

वर कुणीतरी लिहिलंय की १८८१च्या जनगणनेचे कागद मिळाले तर पणजोबांचं नाव सापडेल. नाव सापडणार नाही. इंग्लंड-अमेरिकेत घरोघरचे तक्ते जपून ठेवून पुढे खुले केले. आपल्याकडे आकडे काढून झाल्यावर हे नावांचे तक्ते नष्ट केले गेले, उरले ते फक्त छापील अहवाल.

पण म्हणून ते अहवाल वंशशोधाला निरुपयोगी आहेत, हे मात्र अजिबात पटत नाही. त्यातला जन्मस्थानाचा तक्ता बघाच. १८८१ साली मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ होती आणि त्यातले सुमारे सव्वा लाख लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. म्हणजे दर सहा माणसांत एक! तेव्हा मालवण, वेंगुर्लासुद्धा याच जिल्ह्यात होतं. घरात 'आम्ही मूळचे कोकणातले' एवढंच ऐकू येत असेल, तर त्या लोंढ्याचा आकार इथे दिसतो. सोलापूरकरांनी १८७२ आणि १८८१ शेजारी ठेवून पाहावेत. मधल्या दुष्काळात जिल्ह्यातली माणसं लाखाहून जास्त घटली. काही मेली, काही परागंदा झाली. नावांसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाठा. तिथे गाव आणि कूळ सांगितलं की पिढ्या उलगडतात.