रविवारच्या बाजारातील वांगी

ए-२०३ (काकू): सर्वांना नमस्कार. आज खालच्या शेतकरी बाजारातून भरतासाठी दोन किलो मोठी, काळपट जांभळी वांगी आणली. ती आतून बियांनी गच्च भरलेली निघाली आणि भरीत इतके कडवट झाले की पाहुण्यांसमोर वाढता आले नाही. बाजार सुरू करताना दिलेले चांगल्या मालाचे आश्वासन सोसायटीच्या समितीच्या स्मरणात असेलच.

सचिव: काकू, आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहे. मात्र माल निवडून घेणे ही ज्याची त्याची जबाबदारी आहे, हे मागील सभेतच ठरले होते.

सी-५०२ (दादा): काकू, भरताचे वांगे हिरवे असते. आमच्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यावल तालुक्यातील बामणोदची वांगी तर लोक नाव घेऊन मागतात. वांगे आकाराने मोठे पण हातात हलके लागले पाहिजे; जड वांगे जून असते. आपल्या बाजारात शेवटच्या गाळ्यावरच्या मावशी ही वांगी आणतात, पण आठनंतर टोपली रिकामी होते. आमच्याकडे ती कपाशीच्या काड्यांवर भाजतात आणि लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचतात.

ए-७०१ (काका): गच्चीवर काड्या पेटवू नयेत, ही विनंती.

बी-३०४ (वहिनी): दादा, भरिताव्यतिरिक्तही वांगी असतात. आमच्या सांगलीकडची कृष्णाकाठची काटेरी वांगी देठासह चार चिरा देऊन मिठाच्या पाण्यात ठेवावीत. मग दाण्याचे कूट, तीळ, सुके खोबरे आणि कांदा-लसूण मसाला दाबून भरावा. रश्शाला उकळते पाणीच घालावे. गार पाणी घातले की वांगी दडदडीत राहतात.

सी-५०२ (दादा): इतका मसाला घातल्यावर वांग्याची चव उरत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

बी-३०४ (वहिनी): मागच्या कोजागिरीला तीच भाजी आपण दोनदा वाढून घेतली होती, म्हणून आश्चर्य वाटले.

ए-७०१ (काका): गच्चीवर काड्या पेटवू नयेत. गेल्या चंपाषष्ठीला धुरामुळे आमच्या घरात बसवत नव्हते.

ए-२०३ (काकू): वाद नको. गॅसवर भाजले तर चव येईल का, एवढेच सांगा.

सी-५०२ (दादा): नक्की येईल. तेलाचा हात फिरवा, सुरीने तीन-चार ठिकाणी टोचा, नाहीतर वांगे फुटते. टोचलेल्या जागी लसणाची पाकळी खोचा आणि मंद आंचेवर देठाजवळचा भाग मऊ होईपर्यंत फिरवत राहा; तो भाग कच्चा राहिला की भरीत घशाला खवखवते. नंतर पाच मिनिटे झाकून ठेवले की साल अलगद सुटते. कांद्याची पात मात्र भरपूर घ्या.

सचिव: मावशींशी आताच बोललो. गुरुवारपर्यंत मागणी कळवल्यास त्या हिरवी वांगी बाजूला काढून ठेवतील.

ए-२०३ (काकू): माझी दीड किलो लिहा. दादा, रविवारी सात वाजता खाली या; वांगी तुम्हीच हातात घेऊन निवडून द्या.

ए-७०१ (काका): माझी एक किलो लिहावी. गच्चीवर काड्या पेटवू नयेत.