‘लुक फॉर’ आणि ‘लुक अप’ यांत फरक आहे

इंग्रजी वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन (‘फॉर’, ‘इन’सारखा शब्द) आलं की चूक, म्हणून ‘द बुक फॉर विच आय वॉज लुकिंग’ असंच लिहावं, हे मत पटलं नाही. ‘द बुक आय वॉज लुकिंग फॉर’ अगदी शुद्ध आहे, बोलताना तर तेच सहज येतं. आपली खरी चूक वेगळीच: मराठीत ‘शोधणे’ला काही जोडावं लागत नाही, म्हणून तो ‘फॉर’ आपण गाळूनच टाकतो. (मीही कितीतरी वर्षं गाळला.)

शिवाय ‘लुक अप’मधला (म्हणजे शब्दकोशात वगैरे पाहणे) ‘अप’ ‘विच’च्या आधी नेताच येत नाही. ‘द वर्ड अप विच आय लुक्ड’ हे इंग्रजीच नव्हे. ओळखायची खूण सोपी: ‘लुक इट अप’ चालतं, ‘लुक इट फॉर’ चालत नाही. मध्ये ‘इट’ बसला, की त्यानंतरचा शब्द (इथे ‘अप’) ‘विच’च्या आधी न्यायचा नाही.